हुकांच्या दोन रांगा

आमच्या नाटकमंडळाच्या प्रत्येक पोशाखाला पाठीवर हुकांच्या दोन रांगा आहेत. आतली रांग बारीक माणसासाठी, बाहेरची जाड माणसासाठी. सगळे पोशाख मीच शिवलेत. शहरातल्या प्रशिक्षणात एका मॅडमनी आमच्या नाटकातल्या राणीचा अंगरखा उलटसुलट करून विचारलं होतं, "ही शिवताना झालेली चूक आहे का?" अंगरखा काखेत मारून मी तेव्हाच घरी यायला हवं होतं. नाही आले. मान डोलावली, हसले, आणि समोरची गुलाबी चिठ्ठी उचलून तिच्यावर त्यांनी सांगितल्याप्रमाणे 'आमची ताकद' असं लिहिलं.

दोन रांगांचं कारण साधं आहे. गावातली निम्मी माणसं डबाबंद फळांच्या कारखान्यात आहेत. तिथं दोन पाळ्या, आणि दर आठवड्याला त्या बदलतात. उरलेली माणसं दवाखान्यात, बसवर, दुधाच्या गाडीवर. सगळी एका वेळी मोकळी सापडतील असा दिवस उजाडतच नाही. म्हणून पंधरा वर्षांपूर्वी आम्ही ठरवून टाकलं की भूमिका बारा असतील तर माणसं चोवीस घ्यायची. प्रत्येक भूमिकेला जोडी, आणि जोडीतले दोघं कायम उलट्या पाळीचे. दोघांनीही सगळं पाठ करायचं, आणि प्रयोगाच्या दिवशी जो मोकळा असेल त्यानं अंगरखा चढवायचा. आमचा राजवैद्य कधी बसड्रायव्हर असतो, कधी पोस्टातला कारकून. एक तिरसट करतो, दुसरा लाडीगोडी लावतो. लोक दोन्ही बघायला येतात आणि कोणता बरा यावरून आठवडाभर वाद घालतात. पंधरा वर्षांत आमचा एकही प्रयोग रद्द झालेला नाही. शहरातली किती मंडळं असं छातीठोकपणे सांगतील?

प्रयोग होतात ते काट्याच्या हॉलमध्ये. पूर्वी तिथं धान्याची पोती तोलायचे. जमिनीतला लोखंडी काटा काढणं कुणालाच जमलं नाही, म्हणून आम्ही त्याच्यावरच फळ्या टाकून रंगमंच केला. भिंतीवरची तबकडी अजून चालते. कुणी रंगमंचावर आलं की तिचा काटा थरथरत पुढं सरकतो, आणि पोरं नाटक सोडून तिकडंच बघतात. तिसऱ्या रांगेवर छप्पर गळतं, तिथं नवखा माणूसच बसतो. बाकी हॉलला काही खोट नाही. म्हणजे आम्ही तरी तिला खोट म्हणत नाही.

राणीच्या भूमिकेची जोडी म्हणजे दवाखान्यातल्या नर्सबाई आणि माझी धाकटी नणंद. नर्सबाई आतल्या रांगेच्या, नणंद बाहेरच्या रांगेची. नणंद कारखान्यात झाकणं बसवण्याच्या यंत्रावर आहे. तिथल्या खडखडाटात बोलून बोलून तिचा आवाज असा झालाय की गाव तिला भोंगा म्हणतं. तीही ओ देते. लग्न केलं नाही, आमच्याच घरात मागच्या खोलीत राहते. मी या घरात आले तेव्हा ती शाळेत होती, आणि माझ्या पहिल्या शिलाई मशीनचं पायडल तिनंच दुरुस्त करून दिलं होतं. हे आत्ताच सांगून ठेवते, कारण पुढं मी काय केलं ते ऐकताना याची आठवण असलेली बरी.

झालं असं की गेल्या वर्षी गावच्या ऑफिसातून पत्र आलं. कला खात्याचं 'सक्रिय संस्था' असं प्रमाणपत्र सहा महिन्यांत दाखवा, नाहीतर हॉल कारखान्याच्या रिकाम्या खोक्यांसाठी भाड्यानं देण्यात येईल. खोक्यांसाठी. मी ते पत्र मशीनवर ठेवून तीन वेळा वाचलं, आणि तिन्ही वेळा डोक्यात तिडीक गेली. ज्या हॉलमध्ये बसड्रायव्हर राजवैद्य होतो तिथं खोकी रचणार.

प्रमाणपत्र हवं तर आधी अनुदान घ्या, अनुदानाशिवाय तपासणी नाही. बरं, अनुदान घेतलं. त्यातून छप्पर करता येईना, कारण छप्पर म्हणजे बांधकाम आणि बांधकाम वेगळ्या खात्याकडं. नटांचं बसभाडं देता येईना, कारण ते हौशी. हौशी माणूस बहुधा उडत येतो अशी खात्याची समजूत असावी. मग करता काय येणार होतं? प्रशिक्षण घेता येणार होतं, सल्लागार नेमता येणार होता आणि खात्याचं नाव असलेला फलक लावता येणार होता. या सगळ्याला ते आमची 'क्षमता वाढवणं' म्हणत होते. ऐन हंगामात तीन दिवस प्रशिक्षण. कारखान्यातल्या कुणाला रजा मिळणार? दवाखान्यातून कोण सुटणार? राहिले मी. दुकानाला कुलूप लावलं, गिऱ्हाइकांची बोलणी खाल्ली आणि तीन दिवस रंगीत चिठ्ठ्या भिंतीवर चिकटवून आले. प्रेक्षक कसे मिळवावेत यावर ज्या माणसानं दीड तास घेतला, त्याच्यासमोर आम्ही नऊ जण बसलो होतो आणि त्यातले दोघं पेंगत होते.

प्रमाणपत्राचा फॉर्म भरायला सल्लागार आले. चांगले कपडे, मऊ आवाज. मशीनशेजारच्या स्टुलावर बसून त्यांनी रकाने समजावले. भूमिका, कलावंताचं नाव, शिक्षण, सही. मी चोवीस नावांची यादी पुढं केली.

"एका भूमिकेपुढं एकच नाव," ते म्हणाले.

"आमच्याकडं दोघं करतात."

"म्हणजे एक मुख्य आणि एक बदली."

"बदली कुणीच नाही. दोघंही मुख्य."

ते मनापासून हसले. "ताई, रकान्यात जागा एकाच नावाची आहे. आणि चोवीस नावं गेली तर वरच्यांना वाटेल, आकडा फुगवलाय. बारा द्या. त्यातल्या त्यात शिकलेले, नोकरीत पक्के असलेले द्या."

मी बारा निवडली. हो, मीच. जोडीजोडीतून एकेक नाव खडूनं खूण केल्यासारखं वेगळं काढलं. राणीपाशी माझा हात थांबला. सल्लागार वाकून बघत होते. "ही तुमच्या घरातली ना? चिटणीस तुम्ही आणि मुख्य भूमिका तुमच्या नणंदेला, हे बरं दिसत नाही. नर्स घाला. नर्स छान दिसते."

मी नर्स घातली. नणंदेला सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे, नुसता कागद तर आहे, प्रयोगाला दोघीही असतीलच, असं मनाशी म्हटलं. आणि खरं सांगायचं तर असंही म्हटलं की ती घरचीच आहे, समजून घेईल. घरच्या माणसाला आपण किती गोष्टी अशा न विचारता समजून घ्यायला लावतो.

तपासणी शनिवारी ठरली होती. त्या आठवड्याच्या पाळ्या बघून मी यादीतल्या बाराही जणांना शनिवारी मोकळं ठेवलं होतं. कुणी पाळी बदलून घेतली, कुणी साहेबाच्या हातापाया पडलं. गुरुवारी सकाळी फोन आला की तपासनीस साहेबांना शनिवारी दुसरीकडं जायचंय, ते आज चारला येतील.

यादीतले नऊ जण कामावर होते. नर्सबाई दवाखान्यात लस टोचत होत्या. पण आमच्याकडं प्रयोग रद्द होत नाही. मी सायकल काढली, आणि साडेतीनपर्यंत त्यांच्या नऊ जोडीदारांना घरून, बसथांब्यावरून, एकाला तर न्हाव्याच्या खुर्चीतून उठवून हॉलमध्ये आणलं. नणंद पहाटेची पाळी करून आली होती आणि झोपली होती. हाक मारताच उठली. तोंडावर पाणी मारून म्हणाली, "वहिनी, बाहेरची रांग लाव. आणि तो मधला हुक अडकतो, त्याला तेल दे म्हणून मी वर्षभर सांगतेय."

तपासनीस तरुण होता, नम्र होता. तिसऱ्या रांगेत बसला, कुणीतरी त्याला उठवून चौथीत बसवलं. वाईट माणूस असता तर निदान मनसोक्त शिव्या तरी देता आल्या असत्या.

आमचं नाटक पोस्टातल्या कारकुनानंच लिहिलंय. त्यातली राणी वेष पालटून राज्यात हिंडून येते, आणि परत आल्यावर तिचे स्वतःचे पहारेकरी तिला दारात अडवतात. 'राणी आहेस तर ओळख पटव,' म्हणतात. ती अंगठी दाखवते, ते म्हणतात चोरली असशील. ती त्यांच्या बायकापोरांची चौकशी करते, ते म्हणतात कानावर आलं असेल. नणंदेनं तो प्रसंग असा केला की मी पडद्याआड उभी राहून, शंभर वेळा पाहिलेला असूनही, हातातली सुई विसरले. ओरडायच्या जागी ती एकदम हळू बोलली. ज्या बाईला गाव भोंगा म्हणतं ती इतकं हळू बोलली की शेवटच्या बाकावरची माणसं पुढं झुकली. आणि मग पहारेकऱ्यांची जी तंतरली त्याला तपासनीस डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला.

मग तो वर आला, त्यानं टाळ्या वाजवल्या, पिशवीतून यादी काढली आणि आम्हाला तेच विचारलं.

"ओळखपत्रं बघू का एकेकाची? नुसती नोंद म्हणून."

बारापैकी तिघांची जुळली. चौथ्या ओळखपत्रावर तो थबकला, पाचव्यावर त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी जोड्यांचं सांगितलं. त्यानं शांतपणे ऐकलं. मी अंगरखा फिरवून हुकांच्या रांगा दाखवल्या. त्यानं त्याही पाहिल्या.

"मला पटतंय हो," तो म्हणाला. "पण माझ्या कागदावर नऊ कलावंत गैरहजर आहेत आणि नऊ अनोळखी माणसं रंगमंचावर आहेत. असं लिहिलं तर संस्था बोगस ठरते." मग आवाज खाली आणून म्हणाला, "हे बघा, मला बारा नावांपुढं बारा सह्या पाहिजेत. सही करणाऱ्याचा चेहरा कसा होता, हे माझ्या फॉर्ममध्ये विचारलेलं नाही."

त्यानं यादी राजाच्या सिंहासनावर ठेवली, वर पेन ठेवलं आणि खिडकीतून बाहेर बघायला लागला. म्हणजे उपकारच केले.

सगळे माझ्याकडं बघत होते. हॉल जाणार की राहणार एवढंच माझ्या डोक्यात होतं. पंधरा वर्षं, काटा, तबकडी आणि खोकी. मी म्हटलं, "करा सह्या."

नणंद यादीपाशी गेली. अंगावर अंगरखा होता, डोक्यावर पुठ्ठ्याचा मुकुट. नावांवरून बोट फिरवत ती राणीच्या ओळीवर आली आणि थांबली. ओळ परत वाचली.

"हे तुझं अक्षर आहे," ती म्हणाली.

"सल्लागार म्हणाले, घरातलं माणूस बरं दिसत नाही."

"कधी लिहिलंस?"

"चार महिने झाले."

"चार महिने मी तुझ्यासमोर बसून जेवतेय."

"मला वाटलं, तू समजून घेशील."

बाकीचे आठ जणही आपापलं नसलेलं नाव शोधत होते. दूधगाडीवाला म्हणाला, "म्हणजे आपण कधी नव्हतोच." कुणी हसलं नाही. नणंदेनं पेन उचललं आणि नर्सबाईंची सही केली. वळणदार, सावकाश, शाळेत शुद्धलेखन लिहावं तशी. मग माझ्याकडं पाठ करून म्हणाली, "काढ."

मी हुक काढले. मधला अडकला. एरवी त्यावरून तिनं हॉल डोक्यावर घेतला असता. त्या दिवशी तो सुटेपर्यंत ती निमूट उभी राहिली.

प्रमाणपत्र आलं. चकचकीत कागद, सोनेरी कडा. ऑफिसनं हॉलचा करार पुढं चालू ठेवला, खोकी दुसरीकडं गेली. खात्याचा फलक लावायला माणसं आली आणि गळक्या छपराखालीच खिळे मारून गेली.

पुढच्या तालमीला यादीत नसलेल्यांपैकी कुणी आलं नाही. मी घरोघर गेले. दूधगाडीवाला म्हणाला, "ज्यांची नावं आहेत त्यांना बोलवा ना. आम्ही काय, खुर्ची रिकामी राहू नये म्हणून बसवलेले." यादीतले आले, पण अवघडून, दुसऱ्याच्या पानावर बसल्यासारखे. आणि नर्सबाई आल्या त्या तालमीसाठी नाही, भांडायला.

"माझी सही कुणी केली? गुरुवारी चार वाजता मी दवाखान्याच्या वहीत हजर आहे. एकाच वेळी दोन ठिकाणी मी सही केलेली सापडली तर माझी नोकरी जाईल. तुमच्या हॉलपायी?"

त्यांचं अगदी बरोबर होतं. त्यांनीही नाटक सोडलं. खात्याला एका भूमिकेला एकच माणूस हवा होता. आमच्या राणीला आता एकही उरला नाही.

घरात नणंद माझ्याशी बोलत होती, नाही असं नाही. मीठ संपलंय. नळाचा वायसर गेलाय. दादाला सांग छत्री घेऊन जा. नाटकाचं अक्षर नाही. पाळीवरून आली की मागच्या खोलीचं दार लावून घ्यायची. पाच महिने हॉल बंद राहिला. पंधरा वर्षांत जे झालं नव्हतं ते खात्याच्या प्रमाणपत्रानं करून दाखवलं. मी आठवड्यातून एकदा झाडायला जायची. झाडू घेऊन फळ्यांवर चढले की तबकडीचा काटा माझ्या एकटीच्या वजनापुरता हलायचा.

मग दुसऱ्या वर्षाचा फॉर्म आला. त्यात एक प्रश्न होता. 'क्षमतावृद्धीनंतर कलावंतांच्या संख्येत वाढ झाली नसल्यास कारणे द्या.' खाली तीन ओळी जागा.

माझं डोकं फिरलं. खात्यावर फिरलं, सल्लागारावर, त्या मऊ बोलणाऱ्या तपासनीसावर, आणि सगळ्यात जास्त मशीनवर बसून खुणा करणाऱ्या माझ्या स्वतःच्या हातावर. मी फॉर्म उलटा केला आणि पाठीमागच्या कोऱ्या बाजूवर चोवीस नावं लिहिली. पहिलं नणंदेचं. प्रत्येकापुढं तो किंवा ती किती वर्षं काम करतेय ते. खाली लिहिलं की गेल्या तपासणीतल्या नऊ सह्या खोट्या आहेत, त्या मी करायला लावल्या, ज्यांच्या नावानं केल्या त्यांना आणि करणाऱ्यांना दोष देऊ नये. खाली माझी सही केली.

तो कागद घेऊन मागच्या खोलीत गेले. नणंद पलंगावर बसून पायाच्या भेगांना मलम लावत होती. हात पुसून तिनं वाचला. सावकाश.

"हॉल जाईल," ती म्हणाली.

"जाईल बहुतेक."

"माझं नाव पहिलं टाकलंस म्हणजे मी खूश होईन असं वाटलं तुला?"

"नाही."

"बरं." तिनं कागद परत दिला. "पण हे लिफाफ्यात घालून गुपचूप पाठवायचं नाही. त्यांना कळण्याआधी आम्हाला कळू दे. हॉलमध्ये वाच. वर उभं राहून, मोठ्यानं."

चोवीस जण एका वेळी मोकळे नव्हते. ते कधीच नसतात. म्हणून मला तो कागद दोनदा वाचावा लागला, एकदा दुपारी पहाटेच्या पाळीवाल्यांसाठी आणि एकदा सकाळी दुपारच्या पाळीवाल्यांसाठी. दुपारी दहा जण आले. दूधगाडीवाला दाराशी उभा राहिला, आत आला नाही, पण शेवटपर्यंत थांबला. सकाळी नऊ आले, त्यात नर्सबाई होत्या, हाताची घडी घालून.

नणंद दोन्ही वेळा आली, एकदा पाळी बदलून घेऊन. सकाळी ती शेवटच्या बाकावर बसली होती. मी फळ्यांवर चढले, भिंतीवरचा काटा हलला, आणि मी तिच्या नावापासून वाचायला सुरुवात केली. मला रंगमंचावर बोलायची सवय नाही, मी पंधरा वर्षं पडद्यामागं होते. तिसऱ्या नावापर्यंत घसा बसला. पाचव्या नावाला माझं मलाच ऐकू येईना.

"ऐकू येत नाही," मागून तो आवाज आला. कारखान्याच्या खडखडाटावर मात करणारा, अख्ख्या हॉलभर.

कुणी वळून पाहिलं नाही. मी कागद डोळ्यांजवळ धरला आणि पुन्हा पहिल्या नावापासून वाचायला लागले.